पाण्याच्या पार्कात मास्क कोरडे ठेवायची सोय

कोरोनाच्या काळात बेळगावहून बंगळूरजवळच्या बिडदीच्या वंडरला या पाण्याच्या पार्कात जायचं म्हणजे पाचशेवर किलोमीटर. तिथं पोचून पहिल्याच तासात मास्क ओले होतात आणि ओला मास्क काही कामाचा नाही. आम्ही हे केलं:

१. माणशी पाच मास्क. घरीच प्रत्येकाचं नाव घातलेल्या झिपच्या पिशवीत भरायचे. ओल्यांसाठी दुसरी पिशवी, तिच्यावर लाल दोरा. लहान पोरांनाही दोरा लगेच कळतो.

२. पाण्यात उतरायच्या आधी मास्क काढून कोरड्या पिशवीत. पिशवी काठावर बसलेल्या आजीकडं. आमच्या आईनं मांडीवर सहा पिशव्या सांभाळल्या, एकही हरवली नाही.

३. बाहेर आल्यावर आधी तोंड आणि हात पुसायचे, मगच नवा मास्क. रांगेत मास्क हवाच, कारण गर्दी खरी तिथंच.

४. जेवण साडेअकरालाच उरकायचं. जेवताना मास्क निघतोच, तेव्हा टेबलं रिकामी असलेली बरी. शक्यतो उघड्यावर बसायचं.

मात्र पोरांना मास्क लावून पाण्यात अजिबात सोडू नका, ओलं कापड नाकातोंडाला चिकटून श्वास अडतो. पाण्यात अंतर ठेवायचं, तलावात दाटी दिसली तर थांबायचं.