पाय मुरगळला? पहिल्या दहा मिनिटांपासून पुन्हा पळेपर्यंत

पावसाळ्यात ठाण्यात पाय मुरगळायला मैदान लागतंच असं नाही. उपवनच्या तलावाकाठी पळताना एक उखडलेला पेव्हर ब्लॉक पुरतो. घोडबंदर रोडच्या टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर, रात्रीच्या मॅचमध्ये चेंडूमागे घेतलेली एक गिरकीही पुरते. माझा उजवा पाय उपवनला मुरगळला, ऑगस्टमधल्या वर्षा मॅरेथॉनची तयारी चालू असताना. दहा दिवसांत सूज उतरली, दुखणं थांबलं, मी पळू लागलो आणि पाचव्या आठवड्यात तोच घोटा पुन्हा वळला. दुसऱ्या वेळी तीन महिने गेले. सूज उतरल्यावर काय करायचं हे मला तेव्हा कुणी नीट सांगितलं नव्हतं, म्हणून या लेखात जास्त जागा त्यालाच दिली आहे.

लगेच काय करायचं

खेळ थांबवा, बाजूला बसा, बुटाची नाडी सैल करा. ‘आण इकडे, खेचून बसवतो’ म्हणणारा एकजण प्रत्येक टीममध्ये असतो. त्याला पायाला हात लावू देऊ नका. पाऊल आतल्या बाजूला वळतं तेव्हा घोट्याच्या बाहेरच्या अंगाची लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणाऱ्या चिवट पट्ट्या, ताणली जातात किंवा फाटतात. तिथे जागेवर बसवण्यासारखं काही नसतं आणि हाड मोडलं असेल तर खेचल्याने ते आणखी सरकू शकतं.

मग हाडाची शंका तपासा. कॅनडात ओटावा इथे इयन स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 मध्ये यासाठी नियम मांडले आणि आजही जगभर आपत्कालीन विभागांत ते वापरले जातात. आधी घोट्याच्या दोन्ही बाजूंची वर आलेली हाडं, त्यांच्या टोकापासून मागच्या कडेने वर 6 सेंटिमीटरपर्यंत बोटाने दाबून पाहा. मग पावलाची बाहेरची कड चाचपा. करंगळीकडून टाचेकडे जाताना मध्यावर हाडाचा एक उंचवटा लागतो, तो दाबा. शेवटी पावलाच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या थोडं पुढे असलेलं हाड दाबा. यातल्या कुठल्याही हाडावर दाबताच कळ येत असेल, किंवा लंगडत का होईना चार पावलं टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढा. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात अस्थिरोग विभाग आहे. जवळचा ऑर्थोपेडिक डॉक्टरही चालेल. पाऊल वाकडं दिसत असेल, बोटं गार किंवा बधिर पडली असतील, तर तपासत बसू नका, थेट 108 लावा.

मुलांच्या बाबतीत हे घरी ठरवू नका. वाढत्या वयात हाडाच्या टोकाची वाढीची पट्टी लिगामेंटपेक्षा कमजोर असते. मोठ्यांची जिथे लचक भरते, तिथे मुलांची ती पट्टी दुखावू शकते.

पहिले दोन-तीन दिवस

घरी आलात की आई ऊन ऊन तेल घेऊन येते. माया असते त्यात, पण त्या दिवसांत शेक आणि मालिश दोन्ही नको. आतून रक्त झिरपत असतं, उष्णतेने आणि चोळण्याने सूज वाढते. त्याऐवजी ओल्या नॅपकिनमध्ये गुंडाळलेला बर्फ, नाहीतर फ्रीजरमधली मटारची पिशवी, 10 ते 15 मिनिटं ठेवा. दोन-तीन तासांनी पुन्हा ठेवा. बर्फाने दुखणं कमी होतं, लिगामेंट लवकर भरून येत नाही. म्हणून त्याचा अतिरेक करू नका. मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर बर्फ टाळा.

क्रेप बँडेज बोटांच्या मुळापासून सुरू करून इंग्रजी आठच्या आकारात घोट्यावर, मग थोडं वर न्या. बोटं निळसर पडली किंवा मुंग्या आल्या तर सोडा. झोपताना काढून ठेवा. पोटरीखाली दोन उशा घेऊन पाय छातीपेक्षा वर ठेवा. दुखणं सहन होत नसेल तर पॅरासिटामॉल. त्याहून कडक गोळ्या, विशेषतः पित्त, किडनी किंवा रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. आणि ठाणे स्टेशनच्या पुलावरचे जिने दोन दिवस तरी टाळता आले तर टाळाच.

सूज उतरल्यावर

इथेच मी चुकलो. लिगामेंटमध्ये मज्जातंतूंची अशी टोकं असतात, जी पाऊल कुठल्या कोनात आहे ते मेंदूला कळवतात. लिगामेंट दुखावलं की हा निरोप उशिरा आणि अपुरा पोचतो. पाय दुखत नसतो, पण खड्ड्यावर पाऊल पडल्यावर त्याला सावरायचं वेळेत सुचत नाही. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याची शक्यता म्हणूनच जास्त असते. विश्रांतीने हे परत येत नाही, शिकवावं लागतं.

मुरगळल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासूनच बसल्या बसल्या पायाच्या अंगठ्याने हवेत बाराखडी गिरवा. हलकं दुखलं तर चालेल, कळ आली की थांबा. पाय टेकून चालता येऊ लागलं की भिंतीकडे तोंड करून उभे राहा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. मग पाऊल हळूहळू मागे घेत जा. चांगल्या पायाने जितक्या अंतरावरून जमतं तितक्याच अंतरावरून दुखऱ्या पायाने जमायला हवं. माझा फरक चार बोटांचा होता आणि तो मला पहिल्या वेळी माहीतच नव्हता.

चवड्यांवर उभं राहणं आधी दोन्ही पायांनी, मग एका पायाने. तोल सांभाळण्यासाठी वेगळा वेळ काढायची गरज नाही. दात घासताना दुखऱ्या पायावर 30 सेकंद उभे राहा. जमलं की डोळे मिटून, मग उशीवर. जवळ ओटा किंवा भिंत हवीच. हे रोज, निदान सहा आठवडे करा, दुखणं थांबलं तरी.

साधी लचक एक-दोन आठवड्यांत बरी होते, लिगामेंट अर्धवट फाटलं असेल तर तीन ते सहा आठवडे, पूर्ण फाटलं तर तीन महिने किंवा जास्त. पाच-सहा दिवसांत वजन टाकणं सुधारत नसेल, किंवा घोटा आतून निसटतोय असं वाटत असेल, तर फिजिओकडे जा.

पुन्हा पळताना

दुखऱ्या पायावर लंगडीच्या दहा उड्या न कचरता मारता आल्या की सुरुवात करा. एक मिनिट पळणं, एक मिनिट चालणं, सपाट जागेवर. मी पहाटे तलावपाळीला सुरू केलं. येऊरच्या डोंगराचा चढ-उतार सगळ्यात शेवटी. खेळाडूंनी सरळ पळणं जमल्यावर आधी आठच्या आकारात पळावं, मग झटकन दिशा बदलावी, मग टर्फवर यावं. टर्फवर लांब स्पाइक्सचे बूट रुततात आणि पाऊल अडकून शरीर फिरतं, तिथे आखूड खुट्यांचे बूट घाला. पहिले काही महिने खेळताना घोट्याला ब्रेस, म्हणजे आधाराचा पट्टा, लावा. एकदा मुरगळलेल्यांना त्याचा खरोखर फायदा होतो.

मुलं फुटबॉल खेळत असतील तर त्यांच्या कोचला ‘फिफा 11+’ हा वॉर्मअप करून घ्यायला सांगा. सुमारे 20 मिनिटांचा आहे, खास साधनं लागत नाहीत, तोल आणि उडीनंतर नीट उतरणं दोन्ही त्यात आहे.

किती पळायचं याचा निकाल त्या दिवशी लागत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरताना पहिलं पाऊल टाकून बघा. घोटा आखडला असेल, सूज आली असेल, तर कालचं जास्त झालं. त्या दिवशी पळणं नाही, दात घासताना फक्त एका पायावर उभं राहायचं.