सीझनच्या आधीची बैठक आणि तिची तयारी

जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी काढून रुई वेगळी करण्याच्या कामाचा, मुहूर्त साधारण दसरा-दिवाळीच्या आसपास होतो. गेल्या सीझनच्या कटकटी ज्यांना खरंच मिटवायच्या आहेत त्यांनी त्यावरची बैठक पोळा आटोपला की ठेवावी. तेव्हा रेचे, म्हणजे रुई-सरकी वेगळी करणारी यंत्रं, उघडलेले असतात, फिटरला वेळ असतो आणि शेठचं डोकं भावात अडकलेलं नसतं. काटा, म्हणजे कापसाची खरेदी, सुरू झाल्यावर बोलावलेल्या बैठकीत फक्त ओरडाआरडा होतो. धरणगाव असो, बोदवड असो की जामनेर, याला अपवाद मी तरी पाहिलेला नाही.

बैठकीला विषय एकच घ्या आणि तो आधी कागदावर एका वाक्यात लिहा. ‘लेबर ऐकत नाही’ ही तक्रार झाली, तिच्यावर काम करता येत नाही. ‘फेब्रुवारीनंतर, दुपारच्या पाळीत, गाठी बांधायच्या प्रेसकडच्या टोकाच्या रेच्यांवर वारंवार आग लागते’ हे वाक्य उपयोगाचं आहे, कारण त्यात काय, कुठे आणि केव्हा हे तिन्ही आहे. त्याच्याखाली आणखी एक ओळ हवी: हे कुठे आणि केव्हा होत नाही? रात्रपाळीत त्याच रेच्यांवर आग लागत नसेल तर रेच्यांवर संशय घेण्याआधी दुपारी काय वेगळं असतं ते बघावं लागेल. ही दुसरी ओळ लिहायला लोक कंटाळतात. शोधाची दिशा बहुतेकदा तिथूनच मिळते.

मग कागद गोळा करा. लॉगबुक, हजेरीपट, काटापावत्या, ओलाव्याच्या नोंदी, वीजबिल. लॉगबुकवर फार विसंबू नका; त्यात बहुतेक ठिकाणी ‘मशीन बंद, दुरुस्त केली’ एवढंच सापडतं. ओलाव्याची नोंद मात्र जपा. सीसीआय, म्हणजे भारतीय कापूस महामंडळ, खरेदीत आठ टक्के ओलावा पायाभूत धरते आणि बाराच्या वरचा कापूस घेत नाही, म्हणून सीझनच्या सुरुवातीला सगळे मीटर घेऊन फिरत असतात. खान्देशातलं ऊन तापायला लागलं आणि कापूस कोरडा यायला लागला की मीटर कपाटात जातं. आगीचं भय तेव्हाच वाढतं, आणि नेमकी तेव्हाचीच पानं कोरी असतात.

वस्तूही पुरावाच असतात, पण त्या आदल्या सीझनमध्येच साठवाव्या लागतात. जळालेला रोलर भंगारात देऊ नका. कापसातून निघालेले खडे, बोल्ट, तारेचे तुकडे एका डब्यात टाकत जा आणि डब्यावर तारीख लिहा. बेअरिंगला गुंडाळलेल्या रुईचा मोबाइलवर फोटो काढायला अर्धं मिनिट लागतं. असा एक डबा टेबलावर ठेवला की चर्चा आपोआप जमिनीवर येते.

बैठकीला कोण बसणार हेही आधी ठरवा. फिटर, इलेक्ट्रिशियन, दोन्ही पाळ्यांचे मुकादम आणि कापसातला कचरा वेचणाऱ्या बायांपैकी निदान एकजण. शेवटच्या नावावर हमखास नाकं मुरडली जातात. पण खडा, पत्रा, सुतळी, गुटख्याची पुडी सगळ्यांत आधी दिसते ती तिला. तिला बैठकीत एकदम बोलतं करायला जाऊ नका, आदल्या दिवशी यार्डातच जाऊन विचारा. ‘हाई ते रोजनंच शे, भाऊ’ असं उत्तर आलं तर वही काढा. जे रोजचं झालंय ते कोणी वर कळवत नाही. शेठचा पुतण्या बैठकीत असावा की नाही, हे ज्याचं त्याने बघावं. तो असला की फिटर गप्प बसतो, एवढं खरं.

आता ‘का’ची साखळी. पाच वेळा ‘का’ विचारण्याची ही पद्धत टोयोटाची म्हणून ओळखली जाते आणि तिच्याशी साकिची टोयोडांचं नाव जोडलं जातं. ते मूळचे मागवाले. धागा तुटला की आपोआप थांबणारा त्यांचा माग १९२४ चा. म्हणजे ही पद्धत आपल्या कापसाच्याच नात्यातली आहे, मोटारीवाल्यांची म्हणून बाजूला सारू नका. बैठकीआधी एक साखळी स्वतः करून पाहा. आग का लागली? रोलर आणि सुरीमध्ये काहीतरी कडक घासलं. ते तिथवर का आलं? कापसातलं लोखंड धरणाऱ्या चुंबकाला तारा आणि खिळे इतके चिकटले होते की नवं काही धरायला जागाच नव्हती, आणि खडा तर चुंबक धरतच नाही. खडे कापसात का? कापसाची गंजी फरशी सोडून मातीवर लागली होती. मातीवर का? आवक एकदम वाढली तेव्हा फरशीवर ओला आणि कोरडा कापूस वेगळा ठेवायला जागा नव्हती. जागा का नव्हती? सरकीचे ढीग उचलले गेले नव्हते, कारण भाव वाढेल म्हणून ते थांबवून ठेवले होते.

बघा, आग रेच्यावर लागली आणि उत्तर सरकीच्या सौद्यात निघालं. पाच हा आकडा काही पवित्र नाही. तीनमध्ये सापडलं तर तीन. मात्र साखळी एखाद्या माणसाच्या नावावर येऊन थांबली तर आणखी एकदा ‘का’ विचाराच. ‘ऑपरेटरने चुंबक साफ केला नाही’ हे उत्तर अर्धवट आहे. चुंबक साफ करायला रेचे बंद करावे लागत असतील आणि त्याला पैसे गाठींवर मिळत असतील, तर तो कशाला थांबवेल? आणि कारण एकच असतं असंही नाही. कोरडी हवा, खडा आणि गरम बेअरिंग तिन्ही एकाच दुपारी भेटू शकतात, म्हणून प्रत्येकाची साखळी वेगळी लिहा.

गैरहजेरीचंही असंच. मजूर सातपुड्यातले पावरा-बारेला असतील तर होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारांच्या दिवसांत ते गावाकडे जाणारच. याला कामचुकारपणा म्हणायचं आणि दरवर्षी नव्याने चकित व्हायचं, यात काय अर्थ आहे? आखाजीचंही, म्हणजे अक्षय्य तृतीयेचंही, तसंच. तारखा कॅलेंडरवर आधी टाका आणि रेच्यांची मोठी देखभाल त्याच दिवसांत ठेवा.

उपाय लिहायचा तक्ताही कोरा तयार ठेवा: काय करायचं, कोण करणार, कधीपर्यंत, खर्च किती. ‘ताकीद दिली’, ‘लक्ष ठेवावे’, ‘काळजी घेण्यास सांगितले’ ही उत्तरं तक्त्यात घेऊ नका. त्याऐवजी यार्डाच्या त्या कोपऱ्यात फरशी, पाळी बदलताना दहा मिनिटं रेचे बंद ठेवून चुंबक साफ, आणि त्या दहा मिनिटांचा मोबदला गाठीच्या हिशोबात धरलेला. खर्चाचा आकडा असल्याशिवाय शेठसमोर जाऊ नका. आगीत गेलेली रुई, बंद पडलेले तास आणि बदललेले रोलर यांची बेरीज शेजारी लिहून न्या. फरशीचा खर्च कसा दिसायचा हे त्या बेरजेवर ठरतं.

तपासणीची तारीखही त्याच बैठकीत ठरवा. ती दिवाळीतली नको, फेब्रुवारी उलटल्यावरची एखादी दुपार असू द्या. त्या दिवशी तक्ता, ओलाव्याचं मीटर आणि खड्यांचा नवा डबा घेऊन प्रेसकडच्या टोकाला उभं राहायचं कोणी, त्याचं नाव तारखेपुढे लिहा.