एचआयव्हीच्या गोळ्या (एआरटी) चालू आहेत, पण मन कशातच लागत नाही? मग हे करा

नागपूरच्या मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, एआरटी सेंटरवर मी स्वतःच्या गोळ्या घ्यायला जाते आणि नवीन लोकांसोबत बसायलाही. "तब्येत कशी?" विचारलं की बहुतेक जण "बरी आहे" म्हणतात, डबी पिशवीत टाकतात आणि निघतात. मनाचं बोलायची जागा तीच आहे, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

आदल्या रात्री कागदावर लिहा: झोप कधी मोडते, जेवण जातं का, गोळी कधी चुकली. दोन आठवडे बहुतेक दिवस उदास वाटत असेल किंवा कशातच गोडी उरली नसेल, तर ते सगळ्यात वर. तोंडातून शब्द फुटत नसेल तर काउन्सेलरपुढे कागदच सरकवा. एक बाई नुसतं म्हणाली, "ताई, मले सकाळी उठावंसंच नाही वाटत." तेवढ्यावर पुढचं सगळं सुरू झालं.

गोळ्यांचंही विचारा. एआरटीतल्या डोल्युटेग्राविर या औषधाने काहींची झोप उडते. रात्रीची गोळी सकाळी घेतली की बऱ्याचदा भागतं, पण वेळ डॉक्टरांना विचारूनच बदला. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासायचं का तेही विचारा, थकवा तिथूनही येतो.

मानसोपचार म्हटला की नागपूरकराच्या डोळ्यांपुढे थेट पागलखाना चौक, म्हणजे तिथलं मेंटल हॉस्पिटल! अहो, तिकडे जायची गरज नसते. मेडिकलला आणि मेयो या दुसऱ्या सरकारी दवाखान्यातही मानसोपचाराची ओपीडी आहे; एआरटीच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या. तिथं एआरटीचं कार्ड लपवू नका, नाहीतर कोणतं औषध कशाला मारक ठरेल हे त्यांना कळणार कसं? बोभाट्याची भीती असेल तर २०१७ चा एचआयव्ही कायदा लक्षात ठेवा: कोर्टाच्या आदेशासारखे मोजके अपवाद सोडले, तर तुमच्या संमतीशिवाय तुमचा आजार कुणाला सांगता येत नाही.

उदासीच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. आधी थोडी मळमळ होते, म्हणून मनानेच बंद करू नका. 'टेन्शनवर' म्हणून मिळणाऱ्या सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीच्या गोळ्या मात्र नकोतच, त्याने एआरटीचा असर घटतो.

जीव नकोसा झाला असेल तर ओपीडीची वाट बघायची नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येतं. घरच्यांनो, फवारणीचं औषध त्याच दिवशी घराबाहेर काढा, माणसाला एकटं सोडू नका, आणि ऐकतच नसेल तर ऑटो करून सरळ कॅज्युअल्टीत न्या.