क्विझ आणणारं टूल एजंटला जोडण्याआधी

कॅनव्हासवरच्या (कॉलेजचे ऑनलाइन कोर्स चालवायची वेबसाइट) कोर्समधल्या क्विझ एजंटने, म्हणजे आपल्यासाठी कामं करणाऱ्या एआय मदतनीसाने, वाचाव्यात म्हणून एमसीपीचं (एआयला बाहेरची टूल्स जोडायची ठरलेली पद्धत) टूल बसवायचंय, काय काय लागेल, असं ऐरोली-नेरुळकडचे बरेच जण विचारतायत, म्हणून एकदाच लिहितो. पायथन, नेट वगैरे असेलच, त्यावर वेळ घालवत नाही.

टोकन, म्हणजे पासवर्डऐवजी प्रोग्रामला द्यायची किल्ली, कॅनव्हास अकाउंटच्या सेटिंग्जमधून काढा, एक्स्पायरी टाका, आणि कोडमध्ये चिकटवू नका, स्टाफच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर अजिबातच नाही. हाताने काढलेल्या टोकनला तुमचे सगळेच्या सगळे अधिकार असतात, म्हणजे मॅडमचं टोकन एजंटला दिलं की मार्क बदलायचीही सोय झाली. त्यामुळे टूलमध्ये फक्त गेट, म्हणजे नुसती माहिती वाचायची विनंती, ठेवा. पोस्ट, पुट, डिलीट या बदल करणाऱ्या विनंत्या लिहूच नका, "नंतर लागेल" म्हणूनही नाही.

आता पानं. इथे नीट लक्ष द्या, कारण गेल्या वेळी माझं इथेच गंडलं होतं. यादी मागितली की कॅनव्हास ठरलेल्या १० नोंदी देतो आणि गप्प बसतो. पुढच्या पानाचा पत्ता जेसनमध्ये (उत्तरातला मुख्य मजकूर) नसतोच, तो रिस्पॉन्सच्या लिंक हेडरमध्ये (मजकुरासोबत वेगळ्या येणाऱ्या माहितीत) "नेक्स्ट" म्हणून येतो आणि हेडर कोण बघतंय! एरर नाही, वॉर्निंग नाही, छान २०० ओके, म्हणजे सगळं ठीक. मग एजंट छातीठोकपणे सांगतो, "या कोर्समध्ये एकूण १० क्विझ आहेत", सर त्यावरून रिव्हिजन लावतात, आणि पोरं विचारतात की चौथ्या युनिटचं काय. तर नेक्स्ट संपेपर्यंत लूप चालवा. पर_पेजला (एका पानावर किती नोंदी हव्यात) १०० टाकलं म्हणजे सुटलो असं नाही, वरची मर्यादा सर्व्हर ठरवतो. पुढचा पत्ता स्वतः जुळवायला जाऊ नका, हेडरमध्ये आला तसाच वापरा. आणि हे फक्त क्विझच्या यादीला नाही, कोर्सच्या यादीलाही पानं, प्रश्नांनाही पानं, सबमिशन्सनाही पानं. एकूण किती नोंदी आणल्या तो आकडा टूलच्या उत्तरात छापा, म्हणजे ब्राउझरमध्ये मोजून ताळा करता येईल.

क्विझ दोन जातीच्या असतात, जुन्या क्लासिक आणि न्यू क्विझेस, आणि दोघींचे एपीआयचे (प्रोग्रामने माहिती मागायची सोय) पत्ते वेगळे. एकच विचारला तर अर्धा कोर्स रिकामा दिसेल. दोन्ही विचारा. दोन्हींना पानं आहेत हे सांगायला नकोच, तरी सांगतो.

वेळा यूटीसीत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत, येतात. आपल्याकडची रात्री ११:५९ ची डेडलाइन तिथे १८:२९ दिसते, ते एकवेळ लक्षात येतं, पण १२ तारीख लागताच ००:०० ला उघडणारी क्विझ ११ तारखेची दिसते आणि मग गोंधळ होतो. साडेपाच तास टूलमध्येच मिळवून द्या, ती बेरीज एजंटवर सोडू नका, तो कधी करतो, कधी विसरतो.

टोकन कोणाचं आहे तेही बघा. विद्यार्थ्याच्या टोकनला प्रश्नांची यादी सहसा मिळत नाही, ते बरोबरच आहे, उगाच बग शोधत बसू नका. शिक्षकाच्या टोकनला मिळते, पण क्लासिकमध्ये बरोबर पर्यायापुढे वेट (गुणांचं वजन) १०० असं चक्क लिहिलेलं येतं. हेच टूल पोरांच्या चॅटबॉटला जोडलंत तर पेपर फुटला म्हणून समजा. उत्तरांच्या फील्ड एजंटकडे जाण्याआधी टूलमध्येच गाळा. "एजंटला सांगितलंय उत्तरं दाखवू नकोस" हे चालत नाही, पोरं तासाभरात काढून घेतात.

टूल स्टँडर्ड इनपुट-आउटपुटवर चालवताय (एजंट आणि टूल एकाच मशीनवर, प्रोग्रामने छापलेल्या मजकुरातून बोलतात) तर डीबगचे प्रिंट काढून टाका, सगळे लॉग स्टँडर्ड एररवर (चुका छापायचा वेगळा मार्ग), नाहीतर मधल्या एका प्रिंटने कनेक्शन तुटतं आणि कारण कळता कळत नाही. क्विझचं वर्णन एचटीएमएलमध्ये येतं, टॅग साफ करा.

कॉलेज मूडलवर (कॅनव्हाससारखीच दुसरी सिस्टिम) असेल तर वेब सर्व्हिस अ‍ॅडमिनकडून चालू करून घ्या, जेसन स्पष्ट मागा नाहीतर एक्सएमएल येतं, आणि तिथे चूक झाली तरी स्टेटस २०० च असतो, एक्सेप्शन, म्हणजे चुकीचा निरोप, आतल्या मजकुरात शोधा.

चाचणीला दहाहून जास्त क्विझ असलेला कोर्स घ्या. तीन क्विझच्या डेमो कोर्सवर सगळंच चालतं. कॉलेजच्या वायफायवर एकदा चालवून बघा, हॉटस्पॉट जवळ ठेवा. जुनी टोकनं उडवा. बाकी रीडमीमध्ये (टूलसोबतची माहितीची फाइल) आहे.