उच्च शिक्षणाचा खर्च कोण उचलतो: एखाद्या देशाची व्यवस्था कशी तपासावी

एखाद्या देशात उच्च शिक्षण मोफत आहे किंवा महाग आहे, एवढ्याच माहितीवर तेथील व्यवस्थेविषयी मत बनवणे धोक्याचे आहे. स्वीडनमधील विद्यापीठे आपल्या नागरिकांकडून शिक्षण शुल्क घेत नाहीत, तरीही तेथील पुष्कळ पदवीधर डोक्यावर कर्ज घेऊनच बाहेर पडतात. इंग्लंडमध्ये २०२५-२६ साठी पदवी अभ्यासक्रमाच्या वार्षिक शुल्काची कमाल मर्यादा ९,५३५ पौंड आहे, तरीही पात्र विद्यार्थ्याला प्रवेश घेताना खिशात हात घालावा लागत नाही, कारण ती रक्कम सरकारी कर्जातून थेट विद्यापीठाकडे जमा होते. शुल्काचा आकडा हा हिशेबाचा एक तुकडा आहे. पैसे कोण देतो, केव्हा देतो आणि पदवीधराची मिळकत अपेक्षेप्रमाणे झाली नाही तर तोटा कोणाच्या माथी बसतो, हे तिन्ही कळल्याशिवाय दोन देशांची तुलना करता येत नाही. ती करण्याचा एक क्रम पुढे दिला आहे.

प्रथम सरकारी पैसा व्यवस्थेत कोणत्या दाराने शिरतो ते पाहावे. जर्मनीत विद्यापीठांच्या खर्चाचा मुख्य भार घटक राज्ये उचलतात आणि पैसा संस्थेला मिळतो. डेन्मार्कमध्येही तो संस्थेला मिळतो, पण अध्यापनाच्या अनुदानाचा मोठा भाग दीर्घकाळ किती विद्यार्थी परीक्षा उत्तीर्ण झाले यावर ठरत आला. या पद्धतीला तेथे ‘टॅक्सीमीटर’ म्हणतात. अमेरिकेत राज्य सरकारे आपापल्या सार्वजनिक विद्यापीठांना अनुदान देतात, तर संघराज्य सरकारच्या मदतीचा मोठा हिस्सा पेल अनुदान (कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना मिळणारी, परत न करावी लागणारी मदत) आणि कर्ज या रूपाने विद्यार्थ्याच्या नावे निघतो आणि तो जेथे प्रवेश घेईल तेथे, म्हणजे खासगी संस्थेतही, जातो. हा फरक किरकोळ नाही. पैसा विद्यार्थ्याच्या मागून जाऊ लागला की विद्यार्थी मिळवण्यासाठी संस्थांमध्ये चढाओढ सुरू होते; पैसा थेट संस्थेला मिळत असेल तर जागा किती ठेवायच्या हे सरकारच्या हाती राहते.

जागांचा प्रश्न नजरेआड झाला तर काय होते, हे ब्राझीलमध्ये स्पष्ट दिसते. १९८८ च्या राज्यघटनेनुसार तेथील सरकारी विद्यापीठांतले शिक्षण विनाशुल्क आहे. मात्र त्यांतल्या जागा मोजक्या, प्रवेशाची स्पर्धा तीव्र आणि बहुसंख्य विद्यार्थी शुल्क भरून खासगी संस्थांत शिकणारे, अशी तेथील स्थिती आहे. चांगल्या खासगी शाळांत शिकलेली मुले स्पर्धेत पुढे राहत आणि विनाशुल्क जागा पटकावत. म्हणून २०१२ च्या कायद्याने संघराज्याच्या विद्यापीठांतील निम्म्या जागा सरकारी शाळांतून आलेल्यांसाठी राखून ठेवल्या गेल्या. त्याआधीच ‘प्रोउनी’ या कार्यक्रमातून खासगी संस्थांना करसवलत देऊन त्या बदल्यात कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या मिळवून देण्याचा मार्ग सरकारने काढला होता. तेव्हा ‘मोफत’ असे जेथे लिहिलेले दिसेल तेथे लगेच विचारावे: किती जणांसाठी, आणि त्या जागांवर कोण बसते?

काही देश शिक्षणासाठी कराचा एक वाटा बाजूला काढतात. घानाने २००० साली शिक्षण निधीचा कायदा करून मूल्यवर्धित कराच्या दरातील २.५ टक्क्यांचा वाटा त्या निधीसाठी ठरवून दिला. कागदावर अशी तरतूद भक्कम वाटते; पण २०१७ मध्ये त्याच देशाने अशा राखीव निधींकडे जाणाऱ्या रकमेवर मर्यादा घालणारा कायदा केला. राखीव कर दिसला की तो प्रत्यक्षात निधीपर्यंत पोहोचतो का, हे तपासल्याखेरीज त्याची बेरीज मांडू नये.

यानंतर शुल्काकडे वळावे आणि छापील आकड्यावर विसंबू नये. अमेरिकेत जाहीर शुल्क आणि मदत वजा जाता प्रत्यक्ष द्यावी लागणारी रक्कम यांत इतके अंतर असते की, तेथील कायद्याने संस्थांना आपल्या संकेतस्थळावर निव्वळ खर्चाचा अंदाज देणारे गणकयंत्र ठेवणे बंधनकारक केले आहे. आयर्लंडने १९९० च्या दशकाच्या मध्यास पदवी शिक्षणाचे शुल्क रद्द केले, पण ‘विद्यार्थी योगदान’ या नावाने वेगळी रक्कम आकारली जात राहिली, आणि ती पुढे वर्षाला ३,००० युरोपर्यंत चढली. शुल्क कोणासाठी आहे हेही पाहावे लागते. युरोपीय संघ व त्याच्या आर्थिक क्षेत्राबाहेरून येणाऱ्यांसाठी स्वीडनने २०११ पासून, फिनलंडने २०१७ पासून आणि नॉर्वेने २०२३ पासून शुल्क सुरू केले. जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग हे राज्य अशा विद्यार्थ्यांकडून २०१७ पासून दर सत्राला १,५०० युरो घेते. युगांडाच्या मकेरेरे विद्यापीठात १९९० च्या दशकात एकाच वर्गात सरकारी खर्चाने शिकणारे आणि स्वतः पूर्ण शुल्क भरणारे असे दोन्ही प्रकारचे विद्यार्थी बसू लागले. तेथे ‘शुल्क किती?’ या प्रश्नाला एकच उत्तर देणारा तक्ता चुकीचाच ठरणार.

तिसरी पायरी राहण्या-जेवण्याच्या खर्चाची, आणि तुलनेच्या लेखांतून नेमकी तीच वगळली जाते. स्वीडिश पदवीधरांच्या कर्जाचे कोडे येथे सुटते: शुल्क नसले तरी घरभाडे आणि जेवण यांसाठी तेथील तरुण सरकारकडून काही भाग अनुदान आणि काही भाग कर्ज घेतात, कारण सज्ञान मुलाचा खर्च पालकांनी उचलावा हे तेथील व्यवस्थेने गृहीत धरलेले नाही. नॉर्वेत घराबाहेर राहून शिकणाऱ्याने अभ्यासक्रम पूर्ण केला की निर्वाहासाठी घेतलेल्या मूळ कर्जाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग अनुदानात बदलतो. जर्मनीत १९७१ पासून चालत आलेल्या ‘बाफ्योग’ योजनेत याउलट पालकांचे उत्पन्न मोजले जाते. मिळणारी मदत साधारणपणे निम्मी अनुदान व निम्मी बिनव्याजी कर्ज असते आणि परतफेडीची कमाल मर्यादा १०,०१० युरो आहे. नेदरलँड्सने २०१५ मध्ये सर्वांना मिळणारे निर्वाह अनुदान बंद करून त्याऐवजी कर्ज आणले आणि २०२३ मध्ये अनुदान पुन्हा सुरू केले. मधल्या काळात शिकलेल्यांच्या वाट्याला मात्र जास्त कर्ज आले.

आता कर्जाच्या अटी. सर्वांत जास्त वेळ येथे द्यावा, कारण एकाच रकमेचे कर्ज अटींनुसार सुसह्य किंवा असह्य होऊ शकते. पहिला प्रश्न असा की हप्ता कर्जाच्या रकमेवर ठरतो की मिळकतीवर? अमेरिकेच्या प्रमाणित योजनेत हप्ते ठरावीक रकमेचे आणि मुदत दीर्घकाळ दहा वर्षांची असे. पगार कमी असला तरी हप्ता तोच. मिळकतीशी जोडलेल्या योजना तेथेही आहेत, पण त्या निवडाव्या लागतात आणि त्यांचे नियम वारंवार बदलले आहेत. याउलट ऑस्ट्रेलियाने १९८९ साली देशव्यापी पातळीवर अशी पद्धत आणली की मिळकत ठरावीक पातळीवर पोहोचेपर्यंत परतफेड नाही, आणि पोहोचल्यावर वसुली कर खात्यामार्फत होते. अर्थतज्ज्ञ ब्रूस चॅपमन हे तिचे मुख्य रचनाकार.

हिशेब स्वतः करून पाहिल्याशिवाय या पद्धती समजत नाहीत. इंग्लंडमध्ये ऑगस्ट २०२३ पासून अभ्यासक्रम सुरू केलेल्यांना वर्षाला २५,००० पौंडांवरील मिळकतीच्या ९ टक्के भरावे लागतात. ३०,००० पौंड पगार असेल तर वरचे ५,००० पौंड धरायचे आणि त्यांचे ९ टक्के, म्हणजे वर्षाला ४५० पौंड द्यायचे. कर्ज वीस हजारांचे असो वा साठ हजारांचे, हा हप्ता बदलत नाही. ऑस्ट्रेलियात २०२५-२६ पासून ६७,००० डॉलरच्या वर, १,२५,००० डॉलरपर्यंत, प्रत्येक डॉलरमागे १५ सेंट द्यावे लागतात. त्याआधी तेथे पातळी ओलांडताच टक्केवारी संपूर्ण मिळकतीवर लागू होत असे, त्यामुळे किरकोळ पगारवाढीने हाती येणारी रक्कम घटूही शकत होती. टक्केवारी वाचताना ती कशाची आहे, हे म्हणूनच प्रत्येक वेळी पाहावे.

त्यानंतर व्याज आणि मुदत. न्यूझीलंडने २००६ पासून देशात राहणाऱ्या कर्जदारांना व्याज माफ केले. देश सोडून गेलेल्यांना ते भरावे लागते. ऑस्ट्रेलियात व्याज नाही, पण शिल्लक रक्कम महागाईनुसार वाढवली जात असे; २०२३ मध्ये ही वाढ ७.१ टक्के झाली, तेव्हा वर्षभर हप्ते भरूनही आपले कर्ज फुगल्याचे अनेकांना दिसले आणि ओरड झाल्यावर सरकारने वाढीचे सूत्र मागील तारखेपासून बदलले. इंग्लंडने उरलेले कर्ज माफ होण्याची मुदत ३० वर्षांवरून ४० वर्षांवर नेली. माझ्या मते शुल्कवाढीपेक्षाही या बदलाकडे जास्त लक्ष द्यायला हवे होते, कारण मोठ्या पगाराचे पदवीधर कर्ज लवकर फेडून मोकळे होतात आणि जास्तीची दहा वर्षे प्रामुख्याने मध्यम व त्याखालच्या मिळकतीच्या लोकांना भरावी लागतात.

बुडीत कर्जाचा तोटा कोण सोसतो, हेही शोधावे. चिलीत २००५ च्या कायद्याने बँकांनी कर्ज द्यायचे आणि सरकारने हमी घ्यायची अशी रचना केली. जोखीम बरीचशी जनतेच्या तिजोरीवर राहिली आणि विद्यार्थ्यांचे हप्ते मात्र जड झाले. २०११ च्या प्रचंड विद्यार्थी आंदोलनानंतर व्याजदर २ टक्क्यांवर आणला गेला, आणि २०१६ पासून कमी उत्पन्नाच्या निम्म्या लोकसंख्येतील विद्यार्थ्यांसाठी सहभागी संस्थांतील शिक्षण विनाशुल्क झाले; २०१८ मध्ये ती मर्यादा ६० टक्क्यांपर्यंत वाढली.

शेवटी प्रत्येक नोंदीपुढे वर्ष आणि प्रदेश लिहावा. जर्मनीतील काही राज्यांनी २००५ च्या न्यायालयीन निर्णयानंतर शुल्क लावले आणि २०१४ पर्यंत ते सगळीकडून उठले, त्यामुळे त्या काळातील लेख आज उपयोगाचा नाही. ‘ब्रिटनमधील शुल्क’ असा शब्दप्रयोग तर टाळावाच. स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्याने तेथेच पहिली पदवी घेतली तर त्याचे शुल्क सरकार भरते. जुने नियम नव्या नियमांबरोबर चालूही राहतात: इंग्लंडमध्ये २०१२ पूर्वीचे, २०१२ ते २०२३ दरम्यानचे आणि त्यानंतरचे विद्यार्थी आज वेगवेगळ्या अटींवर कर्ज फेडत आहेत, म्हणून आकडा उतरवून घेताना तो कोणत्या साली प्रवेश घेतलेल्यांचा आहे, हेही त्याच ओळीत लिहून ठेवावे.