सीटी कोलोनोग्राफीला निघण्याआधी

सीटी कोलोनोग्राफी म्हणजे सीटी स्कॅनने मोठं आतडं आतून बघणं, त्यात पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या भिंतीवर उगवलेली गाठ, शोधतात. आधी कागद. जुनी कोलोनोस्कोपी (गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून केलेली तपासणी) झाली असेल तर तिचा रिपोर्ट, बायोप्सीचा कागद आणि चालू गोळ्यांची यादी एका पिशवीत घाला. शौचाच्या तपासणीत रक्त आलं असेल, किंवा घरात कोणाला तरुण वयात आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर तारीख घेण्याआधी डॉक्टरांना विचारा, की सरळ कोलोनोस्कोपीच का करू नये? सीटीत पॉलिप दिसतो, काढता येत नाही. नुकतीच आतड्याला सूज आली होती, पॉलिप काढला होता, किंवा दिवस गेले असण्याची शक्यता आहे, हेही तेव्हाच बोला. लोहाच्या गोळ्या काही दिवस आधी थांबवायला सांगतात. रक्त पातळ करणाऱ्या आणि साखरेच्या गोळ्यांचं मात्र विचारल्याशिवाय काही करू नका.

तारीख गणपतीच्या गर्दीत नको. रत्नागिरीहून कोल्हापूरला जायचं तर आंबा घाट, सावंतवाडीकडून आंबोली, आणि आतडं साफ करायचं जुलाबाचं औषध पोटात घेऊन एसटीत बसायचं धाडस कोणी करू नये. औषध घेण्याआधीच शहरात पोचा. पाहुण्यांकडे उतरायचं तर संडास मोकळा मिळेल असं घर बघा, संकोच करू नका.

जेवणाचे नियम केंद्राच्या कागदावर असतात, पण तो कागद बहुधा कोकणातल्या स्वयंपाकघराला ओळखत नाही. आपल्याकडे खरी अडचण खोबऱ्याची. वाटपातला चोथा, नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, शेवग्याच्या शेंगा, काजू, फणस, सगळं तपासणीआधीच्या त्या दिवसांपुरतं बंद. पांढरा मऊ भात, वाटप न घालता शिजवलेला मासा, अंडं, ताक चालतं. शेवटच्या दिवशी फक्त पातळ आणि स्वच्छ दिसणारं घ्या: शहाळ्याचं पाणी, गाळलेलं लिंबू सरबत, बिनदुधाचा चहा. सोलकढी त्यात बसत नाही. लागलीच कोलोनोस्कोपी ठरण्याची शक्यता असेल तर कोकम सरबतही टाळा, तो लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी शहाळं आणि जुलाबाचं औषध, दोन्हींबद्दल आधी विचारावं.

आता सगळ्यात दुर्लक्षित बाटली. जुलाबाचं औषध लोक नाक दाबून संपवतात आणि त्यासोबतचं बेरियम किंवा आयोडीनचं औषध अर्धं ठेवून देतात. आतड्यात उरलेला मळ या औषधाने सीटीत पांढरा उजळतो. पॉलिप राखाडी राहतो. ते प्यायलं नाही तर दोन्ही सारखेच दिसतात. आयोडीनची ॲलर्जी असेल तर आधी सांगा.

तपासणी उताणं आणि पालथं झोपवून, दोनदा करतात. कूस बदलली की मळ बहुधा खाली घरंगळतो, पॉलिप भिंतीला धरून राहतो. देठाचा पॉलिप मात्र देठावर झुलून फसवतो. चरबीची गाठ सीटीत घनतेवरून ओळखू येते. चपटा पॉलिप सगळ्यात अवघड, भिंतीपासून तो जेमतेम 3 मिलिमीटर उठतो. दातेरी प्रकारच्या चपट्या पॉलिपवर चिकट आवरण असतं, त्याला त्या औषधाचा पातळ पांढरा थर चिकटतो आणि जागा कळते. म्हणून ती बाटली संपवाच. कर्करोगाकडे झुकू शकणारा अ‍ॅडिनोमा की निरुपद्रवी हायपरप्लास्टिक, हे सीटी खात्रीने सांगत नाही. ते बायोप्सीतच कळतं.

जाताना सैल कपडे घाला. डाव्या कुशीवर झोपवून गुदद्वारातून बारीक नळी घालतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. पोट ताणल्यासारखं होतं, पण हा वायू साध्या हवेपेक्षा लवकर शोषला जातो. आतडं सैल करायचं इंजेक्शन देणार असतील तर काचबिंदू, प्रोस्टेट, हृदयाचा त्रास सांगून टाका. गुडघे दुखतात, पालथं झोपता येत नाही, हेही बोला, कुशीवर घेता येतं. भूल नसते, त्यामुळे त्याच दिवशी कोलोनोस्कोपी होणार नसेल तर नंतर लगेच जेवा.

रिपोर्ट हातात आल्यावर पॉलिपचा आकडा वाचा. 5 मिलिमीटर किंवा त्याहून लहान असेल तर बहुधा लिहीतच नाहीत. 6 ते 9 असेल तर काढायचा की काही वर्षांनी पुन्हा बघायचा, हे डॉक्टरांशी बसून ठरवा. 10 किंवा त्याहून मोठा असेल तर कोलोनोस्कोपी. ती त्याच दिवशी होईल का, हे मात्र तारीख घेतानाच विचारून ठेवा. होत असेल तर तपासणीनंतर जेवू नका, सोबत माणूस न्या, म्हणजे जुलाबाचं औषध दुसऱ्यांदा प्यावं लागणार नाही.