परसबागेच्या पाण्याची बेगमी कार्तिकातच करावी

कोकणात वर्षाला साधारण अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो, आणि तरीही मार्च सरता सरता किनारपट्टीवरील अनेक वाड्यांत विहिरीचा तळ दिसू लागतो. जांभ्याची सच्छिद्र जमीन आणि समुद्रालगतची पुळण, म्हणजे रेताड जमीन, या दोन्ही पाणी झटकन मुरवतात, परंतु मुळांच्या टप्प्यात ते धरून ठेवत नाहीत. त्यामुळे परसबागेतील पाणी वाचवण्याचे काम वैशाखात नव्हे, तर पाऊस ओसरल्यावर, जमिनीत ओल शिल्लक असतानाच करावे लागते. चैत्रात आच्छादन घातले तर तोवर उडून गेलेली ओल काही परत येत नाही.

कार्तिकात प्रथम वाफ्यांची आणि आळ्यांची माती हलकी खणून तण काढावे, त्यात कुजलेले शेणखत भरपूर मिसळावे आणि वर पातेरा (गळलेला वाळका पाला), भाताचा पेंढा किंवा चिरलेल्या झावळ्या यांचा चार बोटे जाडीचा थर द्यावा. पुळणीच्या जमिनीत शेणखताचे महत्त्व अधिक आहे, कारण रेतीला पाणी धरण्याची ताकद त्याच्यामुळेच येते. आंबा-फणसाखालचा पातेरा झाडून जाळला जातो किंवा भाजावळीसाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजण्यासाठी, शेतात नेला जातो. निदान परसातला पातेरा परसातच राहावा, असे आग्रहाने सांगावेसे वाटते. नारळाची सोडणे (वरची तंतुमय साले) आळ्यात पालथी, म्हणजे फुगीर बाजू वर करून, दाटीने मांडली तर ती पावसाचे आणि शिंपण्याचे पाणी शोषून घेतात व पुढे बराच काळ जमीन गार ठेवतात. मात्र कोणतेही आच्छादन बुंध्याला टेकवू नये. वीतभर जागा मोकळी सोडावी, अन्यथा तेथे वाळवी लागते आणि साल कुजते.

पाणी कोठे द्यावे, याविषयीही थोडी काळजी घ्यावी. नारळाच्या कामाच्या मुळ्या बहुतांशी खोडापासून दोन मीटरच्या परिघात पसरलेल्या असतात, म्हणून बुंध्यावर पाइप सोडून ठेवल्याने फारसे साधत नाही. आळे दीड ते पावणेदोन मीटर त्रिज्येचे करून पाणी त्यात सर्वत्र पसरू द्यावे. पूर्ण वाढलेल्या माडाला उन्हाळ्यात चार दिवसांआड सुमारे 200 लिटर पाणी आळ्यातून द्यावे लागते. ठिबक असल्यास दररोज 30 ते 40 लिटर पुरते, आणि तण कमी होते हा लाभ वेगळाच. भाजीपाल्याच्या मुळ्या वरच्या वीतभर मातीत असल्यामुळे त्याला वारंवार पाणी लागते, परंतु रोज वरवर शिंपडण्यापेक्षा एक दिवसाआड सकाळी लवकर भरपूर पाणी देणे बरे. पावसाळ्यातील गादीवाफे आता मोडून सपाट किंवा किंचित खोलगट वाफे करावेत. तोंडली, दुधी, काकडी अशा वेलांच्या मध्ये भट्टीत भाजलेला, रंग न दिलेला मातीचा मडका गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवावा आणि त्यावर झाकण घालावे. माती जितकी कोरडी होते, तितकेच पाणी तो पाझरू देतो.

जेथे पाणी खरोखरच कमी आहे, तेथे वाफ्यांची संख्या कमी करणे हा कमीपणा मानू नये. रायगड जिल्ह्यात भातानंतर त्याच ओलीवर कडवे वाल घेतले जातात. परसातही वाल, चवळी, कुळीथ यांसाठी कार्तिकातील ओल पुरेशी ठरते. अळू आणि केळी यांना मात्र पाणी हवेच असते, म्हणून ती मोरीच्या सांडपाण्याच्या वाटेवर लावावीत. तांदूळ व भाजी धुतलेले पाणी कोणत्याही झाडाला चालते; कपड्यांच्या पावडरीचे पाणी पालेभाजीला घालू नये, कारण त्यातील क्षार मातीत साठत जातात.

किनाऱ्यालगतच्या विहिरींविषयी स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक आहे. तेथे गोडे पाणी हलके असल्यामुळे जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर थरासारखे राहते, आणि पंपाने सलग तासनतास उपसा केला की खालचे खारे पाणी वर ओढले जाते. म्हणून उपसा थोडा थोडा, मध्ये विश्रांती देत करावा आणि मार्चपासून पाण्याची चव अधूनमधून पाहावी. खारटपणा जाणवू लागल्यास ते पाणी माडाला चालून जाते, मिरची-वालाला चालत नाही.

हापूसच्या मोठ्या झाडांना मात्र आता पाणी घालू नये. मोहोर येण्यासाठी त्यांना कोरडा ताण आवश्यक असतो, आणि या दिवसांत घातलेल्या पाण्याने नवी पालवी येऊन मोहोर मागे पडतो. फळे वाटाण्याएवढी झाल्यावर विस्ताराच्या कडेने आळे करून प्रत्येक झाडास 150 ते 200 लिटर पाणी पंधरा दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा द्यावे. विहिरीतील साठ्यातून एवढे पाणी त्या वेळेसाठी राखून ठेवता येईल, अशा बेताने आत्ताच भाजीचे वाफे आखावेत.